आत्याचं कडवं

आबा, मागच्या आठवड्यात मी दुकान आवरलं. जालन्यातलं ते रेडिओ दुरुस्तीचं दुकान, जिथं मी आधी नोकर होतो आणि नंतर मालक झालो, ज्याच्या पायरीवर तुम्ही एकदा अख्खी दुपार बसून काढली होती, ते आता एक मोबाइलवाला घेतोय. पन्नास वर्षांचा कचरा निघाला. जळालेले व्हॉल्व्ह, कर्ण्यांचे पडदे, लोकांनी दुरुस्तीला टाकलेले आणि परत न नेलेले रेडिओ. आणि सगळ्यात खालच्या खणात दंतमंजनाची पत्र्याची डबी, तिच्यात शिवणदोऱ्याच्या लाकडी रिळावर गुंडाळलेला तपकिरी टेपचा एक तुकडा. बायको म्हणाली, "हे काय आता? टाकून देऊ?" मी तिच्या हातातून डबी हिसकावूनच घेतली. ती माझ्याकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिच्या हातातून कधी काही असं ओढून घेतलं नव्हतं. तो तुकडा कशाचा आहे हे तुम्हाला सांगायची गरज नाही. तो माझ्याकडे आहे, हे मात्र तुम्हाला माहीत नव्हतं.

आपल्या टेंभुर्णीच्या गायन पार्टीची बैठक कशी बसायची, हे मी माझ्या नातवंडांना सांगू पाहतो तर त्यांना कळत नाही. त्यांना वाटतं गाणं आधी लिहिलेलं असतं, मग कुणीतरी त्याला चाल लावतो, मग गाणारा गातो. आपल्याकडे यातलं काहीच नव्हतं. रविवारी दुपारी विहारात वंदना झाली की पेटी मध्ये ठेवायची, सगळ्यांनी तिच्याभोवती गोल बसायचं. तुम्ही भाता हलवत नुसता एक सूर धरून ठेवायचा. कुणीतरी एक ओळ टाकायचं, ती सगळे घोळवायचे, ढोलकीवाले काका तिला ठेका शोधायचे आणि मुखडा उभा राहिला की गाणं गोलानं फिरायचं. ज्याच्याकडे येईल त्यानं कडवं द्यायचं. नसेल सुचत तर "पुढं" म्हणून टाळी धरायची, त्यात लाज नव्हती. पाऊण तास, तास, कधी दीड तासही एकच गाणं चालायचं. आणि शेवटच्या ओळीत नाव घालायचं ते तुमचं नाही, पार्टीचं नाही. ज्याच्या कडव्यानं बैठक हलली, त्याचं. कुणाच्या कडव्यानं हलली हे ठरवायला कधी मत घ्यावं लागलं नाही, ते सगळ्यांना कळलेलंच असायचं. पेटी तुमची, पार्टी तुमची, पण तुमचं नाव शेवटच्या ओळीत फार क्वचित आलं, आणि त्याचं तुम्हाला काही वाटायचं नाही. वाटायचं ते मला. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, शहरात राहायला गेलो होतो, दोन स्क्रू फिरवता येत होते म्हणून स्वतःला फार शहाणा समजत होतो.

दुष्काळ सरून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. आमच्या दुकानात लाउडस्पीकरची कामं घ्यायला एक रेकॉर्ड कंपनीचा माणूस यायचा, औरंगाबादचा. त्याला मी बोलता बोलता तुमच्या पार्टीचं सांगितलं. तो म्हणाला, "टेप करून आणा. पण साडेतीन मिनिटांच्या वर नको. एकच मुख्य आवाज पाहिजे, गोड, बाकीचे सगळे मागं कोरसला. आणि शेवटी गायकाचं नाव आलं तर उत्तमच." झालं, माझ्या डोक्यात तेवढंच बसलं. मालकाचं दोन चाकांचं स्पूल टेपचं मशीन मागून घेतलं, कापडात गुंडाळलं, एसटीत मांडीवर धरून गावाकडे आणलं. विहारात वीज नव्हती. शेजारच्या पिठाच्या गिरणीतून वायर ओढली आणि गिरणीवाल्याला हात जोडून दुपारभर पट्टा बंद ठेवायला लावला. बायका दळणाचे डबे घेऊन परत जाताना मला शिव्या देत होत्या. तुम्ही हसत होतात. "मेकॅनिक सायब," म्हणालात, "गाणं व्हईल तव्हा व्हईल, पर आज गावाला भाकर न्हाई भेटायची."

चार रविवार मी बैठक टेप केली. माइक एकच होता, तो आढ्याला दोरीनं टांगला. मग माणसं हलवली. ढोलकीवाल्या काकांना पार भिंतीशी नेलं, टाळ्या धरणाऱ्यांना दाराजवळ, तुमची पेटी माइकखाली. इथंच खरं तर गोल मोडला होता, पण तेव्हा कुणालाच ते वाटलं नाही, यंत्राचं कौतुकच एवढं होतं. पहिल्या रविवारी सगळे लाजले आणि वाया गेला. दुसऱ्या रविवारी मुखडा आला, "दुष्काळ गेला गं बाई, पाटी डोईची जाईना." तो कुणाचा होता हे आजही मला सांगता येणार नाही, तीन-चार तोंडांतून मिळून आला. आणि तिसऱ्या रविवारी गाणं फिरत फिरत आत्याकडे आलं.

आत्या, तुमची पाठची बहीण. नवरा लवकर गेला, दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची, दुष्काळी कामावर दीड वर्ष खडी फोडली होती. त्या धुळीनं तिचा आवाज बसला तो कायमचाच. बैठकीला नेमानं यायची, दारापाशी बसायची आणि तिच्यावर गाणं आलं की "पुढं" म्हणायची. इतक्या वर्षांत तिनं कधी कडवं दिलं नव्हतं. त्या दिवशीही ती "पुढं" म्हणेल म्हणून शेजारणीनं तोंड उघडलंसुद्धा होतं. आणि आत्या म्हणाली,

खडी फोडली हातानं, सावली आणू कुठून,
बाळ निजलं बाभळीखाली, न्हाई उठलं तिथून.

तिचं लेकरू त्या कामावर असताना दगावलं हे गावाला माहीत होतं. कसं गेलं हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हालाही नाही. काकांचा हात ढोलकीवर तसाच राहिला. तुमचा भाता थांबला. कानाला लावलेल्या यंत्रातून मला फक्त टेपची सळसळ आणि बाहेरच्या कोंबड्या ऐकू येत होत्या. किती वेळ गेला कोण जाणे, मग तुम्ही पेटी न वाजवताच मुखडा उचललात आणि तुमचा आवाज मध्येच फाटला. शेवटच्या ओळीत तिचं नाव तुम्हीच घातलंत. पार्टीच्या गाण्यात बाईचं नाव पहिल्यांदा आलं. ती पदराआड तोंड करून बसली होती, पण कुणीतरी तिला कोपरानं ढोसलं तेव्हा ती हसली, मी बघितलं. मी मशीन बंद केलं आणि मनात काय आलं ते लिहितो, आबा, कारण आज लपवून काय करायचं. मनात आलं, कडवं एक नंबर आहे, पण हा आवाज चालणार नाही.

चौथ्या रविवारी ती निंदणीला गेली होती. माइक नीट करता करता मी फक्त तुम्हाला ऐकू येईल असं म्हणालो, "आबा, मागच्या टायमाला माइक हलला होता, आत्याचं कडवं बराबर आलं न्हाई. तेवढं तुम्ही म्हणून ठेवा." माइक हलला नव्हता. तुम्ही पेटीवरून मान वर केलीत. "तिचं हाय ते. ती आली की ती म्हणंल."

"नुसता नमुना म्हणून, आबा. मला अंदाज यावा म्हणून."

तुम्ही डोळे मिटून म्हटलंत. काय म्हटलंत, आबा! आठवडाभर ते कडवं तुमच्या आत फिरत असणार. सुरात, स्वच्छ, एकही अक्षर न सांडता. मी मशीन बंद केलं तेव्हा तुम्हीच खाली बघत म्हणालात, "हे काई बरं न्हाई केलं आपण." मी वायरी गुंडाळायला घेतल्या.

पुढचे आठ दिवस दुपारी दुकान मोकळं असलं की मी गाणं कापत बसायचो. दोन्ही चाकं हातानं मागंपुढं फिरवायची, टेप हळूहळू मशीनच्या हेडखालून ओढायची, माणसाचा आवाज मग रेड्यासारखा घोगरा होऊन येतो. त्यातून टाळीचा ठोका नेमका कुठं पडतो ते कानानं पकडायचं. तिथं शिंप्याच्या खडूची खूण करायची, दाढीच्या पात्यानं तिरका काप द्यायचा, दुसऱ्या रविवारचं टोक चौथ्या रविवारच्या टोकाला भिडवायचं आणि मागून चिकटपट्टी. सरळ कापलं तर टक्क असा आवाज येतो, तिरकं कापलं तर कुणाला पत्ता लागत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, चुकत चुकत शिकलो. मुखडा दुसऱ्या रविवारचा, पहिलं कडवं काकांचं तिसऱ्या रविवारचं, कोरस जिथं बरा सापडला तिथून. खोकले काढले, "पुढं" काढले, कोंबड्या काढल्या, तुमचा फाटलेला आवाज काढला. खोटं कशाला बोलू, त्या आठ दिवसांत मी जेवढा सुखात होतो तेवढा लग्नातही नव्हतो. आत्याच्या कडव्यावर आलो आणि ते कापून तिथं तुमचं बसवलं. शेवटच्या ओळीला तिचं नाव होतं. वाया गेलेल्या पहिल्या रविवारच्या टेपवर शेवटी तुमचं नाव आलेलं मला आठवत होतं, तीच चाल, तीच पट्टी. ती ओळ आणून जोडली. इतकी बेमालूम बसली की मी दुकानात एकटाच हसलो. साडेतीन मिनिटांना चार सेकंद कमी भरलं. आत्याचा तुकडा फरशीवरून उचलून मी खिशात घातला. का घातला ते तेव्हा कळलं नाही, आजही नक्की सांगता येत नाही.

पाचव्या रविवारी विहारात ऐकवलं. सगळे धुतलेले कपडे घालून आले होते. आत्या पहिल्यांदाच दारापाशी न बसता मशीनच्या अगदी पुढ्यात बसली. गाणं सुरू झालं आणि लोकांची तोंडं उघडी पडली, आपलाच आवाज एवढा देखणा असतो हे कुणाला माहीत नव्हतं. मग तिचं कडवं आलं, तुमच्या आवाजात. तिनं आधी तुमच्याकडे बघितलं, मग मशीनकडे, मशीनच्या मागं कुणी लपलंय की काय अशी. तरी ती थांबली. शेवटची ओळ यायला लागली तसे तिचे ओठ हलले, तिचं नाव तिथं येणार म्हणून. मशीननं तुमचं नाव घेतलं.

चाक फिरत राहिलं, टेपचं मोकळं टोक फटफट आपटत राहिलं, मला बंद करायचं सुचलं नाही. काका तुम्हाला म्हणाले, "भाऊ, हे तुमी करायला लावलं का? त्या दिशी तुमीच म्हनलं व्हतं ते कडवं, आमी समदे व्हतो." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी प्लगकडे बघत होतो. किती सोपं होतं, आबा, एक वाक्य. ते माझ्या तोंडून येत नाही म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "व्हय. म्याच सांगितलं. पोराचं काई न्हाई त्याच्यात." आत्या उठली. रागानं नाही, गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठली. "बराबर हाय," म्हणाली. "माझा गळा फुटका. भाऊचा गोड हाय." चपला घालून गेली. त्यानंतर ती बैठकीला आली नाही.

संध्याकाळच्या गाडीला तुम्ही मला सोडायला स्टँडपर्यंत आलात. मला वाटलं होतं तुम्ही माराल, म्हणजे मला ते बरं वाटलं असतं. तुम्ही विचारलंत, "तो तुकडा हाय का रे?" मी म्हणालो, "न्हाई आबा. झाडून टाकला कचऱ्यात." तो माझ्या शर्टाच्या खिशात होता, तुमच्यापासून हातभर अंतरावर. आहे म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, लाव परत. आणि बुधवारी तो औरंगाबादचा माणूस येणार होता. तुम्ही रस्त्याकडे वळून गाडी येतेय का बघितलंत. मग म्हणालात, "मंग तिला जाऊन सांग. तुझ्या तोंडानं. म्या सांगितलं तं तिला वाटंल, आता पोरावर ढकलून राह्यला." मी म्हणालो, पुढच्या रविवारी सांगतो. गाडी आली आणि मी चढलो. बुधवारी त्या माणसानं अर्धं गाणं ऐकलं, पानाची पिंक टाकून आला आणि म्हणाला, असली आमच्याकडे ढिगानं पडलीत. टेप परत दिली. तेवढ्यासाठी.

पुढच्या रविवारी मी गावाकडे आलोच नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आलो ते तुम्हाला चुकवत. आई सांगायची, दर रविवारी तुम्ही वंदना झाली की आत्याकडे जाता, तिच्या चुलीपाशी बसता, ती गुळाचा चहा करते, भावाला जे द्यायचं ते सगळं देते. तुम्ही म्हणता, चल बैठकीला. ती म्हणते, कंबर दुखते. एवढंच. ती कधी तुम्हाला टाकून बोलली नाही, आणि तुम्ही कधी तिला खरं सांगितलं नाही, कारण ते मी सांगायचं होतं. गोलातली तिची जागा रिकामी ठेवून बैठक काही महिने चालली. गाणं दारापाशी आलं की सगळे अडखळायचे. मग काका यायचे थांबले. मग पेटीवर कापड पडलं ते पडलंच.

आणि मग ती दुपार. तुम्ही पेटी डोक्यावर घेऊन टेंभुर्णीहून जालन्याला आलात. मी गिऱ्हाइकाकडे कर्णे लावायला गेलो होतो, परत आलो तर तुम्ही पायरीवर. पायजम्यावर धूळ, शेजारी शेंगांचं गाठोडं, माझ्यासाठी. "येक सूर अडकून राह्यला," म्हणालात, "जरा बघ." मी पेटी उघडली, एकेक पट्टी दाबून बघितली. एकही सूर अडकत नव्हता. ते मला कळलं आणि मला कळलंय हे तुम्हाला कळलं. आपण शेंगा खाल्ल्या. तुम्ही निघालात तेव्हा पेटी उचलली नाहीत. "राहू दे तुझ्याकडं," म्हणालात, आणि रस्ता ओलांडायच्या आधी वळून विचारलंत, "सांगितलं का रे तिला?"

"सांगतो, आबा."

"जल्दी सांग," म्हणालात. "आपल्याला काय माहीत, कोण किती दिसाचा."

त्याच हिवाळ्यात तुम्हाला ताप आला आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. मी आलो तेव्हा तुम्ही बोलत नव्हता. आत्या तुमच्या उशाशी बसून पाणी पाजत होती, चमच्या-चमच्यानं. तुम्ही डोळे उघडून तिच्याकडे बघायचात आणि मग मला शोधायचात. आईला वाटलं तुम्हाला माझी ओढ लागली. मला माहीत होतं तुम्ही काय शोधताय.

मी इथपर्यंत तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा कागद फाडला, म्हणून आता घाईनं लिहितो. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक जेवून गेले, आत्या मागच्या अंगणात भांडी घासायला बसली होती. मी पाणी ओतायला गेलो. तिनं मान वर न करता, राखेचा हात तसाच पातेल्यात फिरवत विचारलं, "तू खरं सांग. माझं कडवं काढाया भाऊनंच लावलं व्हतं का?" तुम्ही मला जे वाक्य बोलायला सांगितलं होतं त्याच्यासाठी याहून सरळ वाट कुणी करून दिली नसती. तिनं विचारलं होतं. तिलाच शंका होती. तिचा जीव ते मानायला तयार नव्हता, एवढे दिवस ती कुणीतरी नाही म्हणेल म्हणून थांबली होती. तुम्ही जाऊन सात दिवस झाले होते, तुम्हाला आता काय फरक पडणार, असं माझ्या मनात आलं. आणि मी मान हलवली. हो म्हणून.

आत्याचा हात थांबला. मग तिनं पातेलं विसळलं, उपडं घातलं, पदराला हात पुसले. "मला बी तसंच वाटलं," म्हणाली. "जाऊ दे. भावानंच घेतलं ना, परक्यानं तं न्हाई." आणि घरात जाऊन तुमच्या फोटोसमोर मेणबत्ती विझली होती ती तिनं पुन्हा लावली, बराच वेळ हात जोडून उभी राहिली. पुढं वीसेक वर्षं जगली ती. दर सणाला मी तिच्या पाया पडलो आणि दर सणाला तिनं मला हातात गूळ दिला. आता तीही नाही. हे खरं म्हणजे तिला सांगायचं होतं, आणि कागदावर नाही, तोंडानं.

डबी माझ्यासमोर आहे. तुकडा ऐकायला मशीन मिळेल, पुण्यात असली जुनी यंत्रं सांभाळणारे लोक आहेत म्हणतात. मी चौकशी केलेली नाही आणि करेन असं वाटत नाही. त्या तुकड्यात तिचा आवाज आहे आणि मागं तुम्ही गप्प बसलेले आहात. तेवढं गप्प बसणं मी ऐकू शकेन असं मला वाटत नाही. तिनं तुम्हाला माफ केलं, आबा, माझ्यादेखत. मी दारात उभा होतो आणि ते सगळं मी तुमच्या नावावर होऊ दिलं.